नागराजचा ड्रेस शिवायचाय: खवल्यांची प्रिंट टाइलने भरू की अंगावर बेतून काढू?

रेघोटी, संगमनेर

नमस्कार मंडळी. थोडं लांबेल, पण अर्धवट विचारलं की उत्तरंही अर्धवट येतात, म्हणून सगळंच लिहिते.

माझा धाकटा भाऊ यंदा मुंबईच्या कॉमिक कॉनला, म्हणजे कॉमिकवेड्यांच्या मेळाव्याला, नागराज होऊन जाणार आहे. नागराज म्हणजे राज कॉमिक्सचा हिरव्या, खवलेदार अंगाचा सुपरहिरो. स्पायडरमॅन आणि बॅटमॅन तिथे पैशाला पासरी, आपला नागराज मात्र कोणी करत नाही, असं त्याचं म्हणणं. मी शाळेत चित्रकला शिकवते, त्यामुळे "ताई, डिझाइन तुझं" एवढं बोलून साहेब मोकळे झाले.

आम्हाला फॅन्सी ड्रेसच्या दुकानात मिळतो तसला चकचकीत हिरवा बॉडीसूट नको आहे. हवा आहे तो राज कॉमिक्सच्या सुरुवातीच्या अंकांतला, प्रताप मुळीकांच्या हातचा नागराज. मुळीक म्हणजे अमर चित्रकथावाले. त्यांची माणसं कागदावर वजन घेऊन उभी असतात. नागराजच्या पाठीचे, दंडाचे स्नायू नुसत्या ब्रशच्या रेघेने वळतात आणि खवलेही त्या वळणाबरोबर वळतात. तेच मला कापडावर आणायचंय.

आतापर्यंत केलं ते असं. फोर-वे लायक्रावर (आडवं-उभं दोन्हीकडे ताणणारं कापड) डिजिटल प्रिंट करून मिळते एवढं कळलं. इंकस्केप या चित्र काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये एक खवला काढला, त्याची १० बाय १० सेंटिमीटरची टाइल केली, म्हणजे शेजारी-शेजारी लावत गेलं की कापड भरतं असा चौकोन. चारही बाजूंनी बिनजोड जुळते. स्क्रीनवर झकास दिसली. मग शाळेच्या प्रिंटरवर ए-फोर कागद काढले, चिकटवले आणि भावाच्या छातीवर धरले. नागराज कुठला, बाथरूमची भिंत उभी राहिली समोर.

तर टाइल ठेवायची की प्रत्येक भाग वेगळा काढायचा? खवला किती मोठा असावा? रेघ काळी की गडद हिरवी? आणि हिरवा नेमका कोणता? माझ्याकडे तीन जुने अंक आहेत आणि तिन्हींत नागराज वेगवेगळ्या हिरव्यात आहे. एकात तर जवळजवळ पिवळा. भावाची छाती ९६ सेंमी, उंची १७२. गल्लीतल्या टेलरकाकांना लायक्रा म्हटल्याबरोबर त्यांनी हात जोडले, तेव्हा शिवण्याचंही कोणी सांगितलं तर बरं.

पडद्यामागे, गिरगाव

मी बालनाट्यांचे कपडे करते. आमच्याकडे वाघ, मगर, मासा, सगळे टाइलवरच निघतात. मंगलदास मार्केटमधून खवल्याच्या छापाचं तयार कापड आणायचं, कापायचं, शिवायचं. तिसऱ्या रांगेतल्या मुलाला खवला दिसतच नाही, त्याला हिरवं काहीतरी वळवळताना दिसतं आणि तो किंचाळतो. काम झालं.

तेव्हा माझं मत टाइललाच. फक्त १० सेंमीची नको, मोठी करा. टाइल जितकी लहान तितका तोच तो नक्षीचा ठोका डोळ्याला लवकर कळतो. ५०-६० सेंमीची टाइल घ्या, आत खवल्यांच्या आकारात थोडा फरक ठेवा, मधूनच एखादा गडद करा. तेवढ्यावर भिंत मोडते. आणि हे सगळं स्वतःच्या हौसेपुरतं ठेवा हं. उद्या कोणी म्हणालं मलाही चार शिवून दे, विकत घेतो, की ते कॉमिकच्या मालकांच्या हक्कात जातं.

जर्सीवाला, कोल्हापूर

ताई, टाइलचा नाद सोडा. गिरगावकर ताईंचं रंगमंचापुरतं बरोबर आहे, पण कॉमिक कॉनला लोक दोन फुटांवरून मोबाइल नाकाला लावून फोटो काढतात.

मी इथं जर्सी छापतो. फुटबॉलचा सीझन सुरू झाला की पेठापेठांच्या तालमींच्या संघांच्या ऑर्डरी, बाकी वर्षभर शाळांचे ट्रॅकसूट, मॅरेथॉनचे टी-शर्ट. सुपरहिरो फारसे येत नाहीत आमच्याकडं, पण कापड तेच, शाई तीच, ताप तोच.

जर्सी करताना आम्ही आधी थान छापून मग कापत नाही. पुढा, पाठ, बाह्या यांचे पॅनल कॉम्प्युटरवर खऱ्या मापात उभे असतात. डिझाइन त्या पॅनलच्या आत बसवायचं, छापायचं आणि मग कडेच्या रेघेवर कापायचं. म्हणून तर खेळाडूचा नंबर बरोब्बर पाठीच्या मध्ये येतो. तुमचा नागराज पण असाच करायचा. आधी शिवणाचे भाग, मग त्या भागांवर खवले. उलटं करायला गेलात तर टाइल कुठं कापली जाईल ते कात्री ठरवणार, तुम्ही नाही.

आता छपाई कशी होते ते ऐका, म्हणजे चित्र काढताना डोक्यात राहील. ह्याला सब्लिमेशन म्हणतात. शाई आधी कागदावर छापतात. तो कागद कापडावर पालथा ठेवून १९० ते २०० अंशाला पाऊण-एक मिनिट दाबायचा. शाईचा वायू होतो आणि पॉलिस्टरच्या धाग्यात शिरतो. धाग्यात शिरते म्हणून धुतली तरी जात नाही आणि हाताला खरखरीत लागत नाही. पण पॉलिस्टरच पाहिजे. कॉटनवर केलं तर दोन धुण्यांत भूत होतं. नायलॉन लायक्रा पण नको. दुकानदार सगळ्यालाच लायक्रा म्हणतो, तेव्हा तोंडी भरवशावर राहू नका. वीतभर तुकडा आणून छापखान्यात दाबून बघा. रंग खणखणीत उतरला की मगच मीटर घ्या. पॉलिस्टर आणि ताणणारा स्पॅन्डेक्स धागा टक्क्यांत ८५-१५ किंवा ८२-१८, वजन २२० ते २५० जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला तेवढे ग्रॅम. त्याच्या खालचं घेतलंत तर अंगावर सगळं दिसतं, आणि भाऊ तुमचा आहे म्हणून सांगतो.

कागदावर चित्र आरशासारखं उलटं छापलं जातं, पण ते उलटं आमचं सॉफ्टवेअर करतं. गिऱ्हाईक घरून उलटं करून आणतं, आम्ही परत उलटं करतो आणि पाठीवरचं नाव वाचायला आरसा लागतो. तुम्ही सुलटंच द्या.

पांढरी शाई नसते. कापडाचा पांढरा हाच तुमचा पांढरा. शिवाय शाई पारदर्शक, म्हणजे गडद कापडावर फिकट काही उमटत नाही.

आता खरी मेख. ड्रेस अंगापेक्षा लहान शिवायचा असतो, तरच तो चिकटून बसतो. समजा छाती ९६ आणि ड्रेस तिथं ८६ चा. घातल्यावर कापड आडवं ताणलं जाणार, उभं फारसं नाही. म्हणजे तुम्ही काढलेला गोल खवला अंगावर आडवा फतकल होणार. तर आधीच तेवढा अरुंद काढायचा. अंगावर २० मिलिमीटर रुंद दिसायला हवा असेल तर फाइलमध्ये २० गुणिले ८६ भागिले ९६, म्हणजे १८ ला जरा कमी. उंची आहे तशी ठेवा. मांडीचं, दंडाचं, पोटरीचं गणित वेगवेगळं येईल, कारण तिथलं ताणणं वेगळं. ह्यासाठी सुद्धा पॅनल आधी पाहिजेत.

ताणलं की आणखी एक भानगड होते. शाई कापडाच्या वरच्या अंगाला असते. कापड फाकलं की मधून पांढरा धागा डोकावतो. गुडघा, कोपर, बसायची जागा, मांडीचा वरचा भाग. गडद रंगात जास्त दिसतं. तुमचा तर आख्खा ड्रेस हिरवा, कुठं पांढरं लागत नाही. मग पांढऱ्याऐवजी फिकट पिवळ्या कापडावर छापा की! फाकलं तरी पिवळट दिसेल, हिरव्यात खपून जाईल. फक्त रंगाची चाचणी मग त्याच पिवळ्यावर घ्यायची, पांढऱ्यावर नाही.

रंगाचं विचाराल तर स्क्रीनवरचा पोपटी विसरा. तेवढा भडक हिरवा आमच्या चार शाईत बसत नाही. रंगतक्ता करा. तीन-तीन सेंटिमीटरचे चाळीसएक चौकोन, पिवळट हिरव्यापासून बाटलीच्या हिरव्यापर्यंत, प्रत्येकात त्याचे आकडे लिहून. तुमच्याच कापडावर, ज्या मशीनवर छापणार त्याच मशीनवर दाबून घ्या. अंक शेजारी ठेवा, दिवसाउजेडी बघा आणि जो चौकोन जुळेल त्याचे आकडे फाइलमध्ये भरा. कागदावर छापलेलं बघून घाबरू नका, कागदावर सगळं मेलेलंच दिसतं. तापलं की रंग उठतो.

आणि कापड तापलं की आटतं. किती ते थानागणिक वेगळं, उभं वेगळं, आडवं वेगळं. ५० सेंमीचा चौकोन छापून दाबा, गार झाल्यावर पट्टी लावा. उभा ४९ भरला तर फाइल उभी २ टक्क्यांनी वाढवायची. हे छापखानेवाला आपणहून करेल असं धरून चालू नका, विचारा.

रेघोटी, संगमनेर

बापरे, एवढं सगळं! जर्सीवाले दादा, तुमचे उपकार. ८६ भागिले ९६ चं गणित वाचून मी लगेच टाइलची फाइल बंद केली.

काल शाळा सुटल्यावर तिन्ही अंक पुन्हा भिंगातून पाहिले. रंगाचं कोडं थोडं सुटलं. तो हिरवा मुळात हिरवा नाहीच, निळे आणि पिवळे ठिपके आहेत शेजारी-शेजारी, स्वस्त पिवळटलेल्या कागदावर. छापताना निळ्या शाईची प्लेट जरा हलकी बसली की नागराज पिवळा. म्हणजे "खरा" हिरवा असा कुठे नाहीच. मी एका मुखपृष्ठावरचा निवडला आणि तोच धरणार.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटली. माझ्याकडच्या पानांवर खवले अंगभर नाहीत! छातीचा, दंडाचा उजेडातला भाग सपाट हिरवा सोडलेला आहे. खवले दिसतात ते वळणाच्या कडेला, काखेकडे, बरगड्यांच्या खाली, मांडीच्या आतल्या बाजूला. तिथे चार-सहा ओळी, त्याही पुढे विरत जातात. बाकीचं काम आपला डोळा करतो. मी सगळीकडे एकाच वजनाचे खवले भरत होते, म्हणून भिंत झाली. टाइल मोठी करून हे सुटणार नव्हतं.

म्हणून आता असं योजलंय. खवले सगळीकडे असतील, पण उजेडाच्या जागी रेघ तळाच्या हिरव्यापेक्षा जेमतेम एक छटा गडद आणि बारीक. सावलीकडे जाताना रेघ जाड होत जाईल आणि अगदी कडेला काळी. लांबून फक्त सावली दिसेल, जवळून खवले. मुलांना आम्ही पेन्सिल शेडिंग शिकवतो तेच, फक्त ठिपक्यांऐवजी खवले.

हे छापताना टिकेल का? किती बारीक रेघ चालते?

बिळाजवळ, सावंतवाडी

मला कापडातलं काही कळत नाही, पण साप पकडून सोडण्यात बरीच वर्षं गेली, तेव्हा खवल्यांवर बोलू द्या. ड्रेसवाल्यांच्या चित्रांत बहुतेक वेळा साप नसतो, मासा असतो.

पहिली गोष्ट दिशा. सापाचा खवला कौलांसारखा एकावर एक चढलेला असतो आणि त्याचं मोकळं टोक शेपटीकडे असतं. डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवा, गुळगुळीत. माणसावर आणायचं तर धडावर टोक खाली, पायावर पावलाकडे, हातावर मनगटाकडे. खांद्यावर दिशा वळणार, तिथे डोकं लावावं लागेल.

दुसरी, रांगा. पाठीवरचे खवले आडव्या सरळ रांगेत बसत नाहीत, तिरप्या ओळींत बसतात. तुमच्या भिंतीचं अर्धं कारण आडव्या रांगा असतील. तिरप्या करून बघा.

तिसरी, पोट. सापाच्या पोटाला पाठीसारखे खवले नसतात, रुंद आडव्या पट्ट्या असतात, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एकेक सलग. त्यांच्याच जोरावर तो सरपटतो. कॉमिकमध्ये नसेल तर घालू नका, पण मांडीच्या किंवा दंडाच्या आतल्या बाजूला खवला हळूहळू रुंद करत नेला तर अंगाला पोत येईल.

आणि कोणता साप ते ठरवा. नागाचा खवला गुळगुळीत, मधे कणा नाही. घोणस आणि फुरशाच्या खवल्याला मधोमध उंच कणा असतो, म्हणून ते खरखरीत, कोरडे दिसतात. फुरसं तर अंग अंगावर घासून त्याच खवल्यांचा आवाज काढतं. मण्यारच्या पाठीच्या मधोमध मोठ्या षटकोनी खवल्यांची एक रांग असते. ड्रेसच्या पाठीवर कण्यावरून अशी रांग फार सुंदर दिसेल, पण मग तो नागराज राहणार नाही, मण्यारराज होईल. नागाचंच करायचं तर मधे रेघ काढू नका, खवल्याच्या वरच्या कडेशी चंद्रकोरीएवढा उजेड सोडा.

पुण्याला जाणं झालं तर कात्रजच्या सर्पोद्यानात काचेला नाक लावून बसा. किंवा कोणा सर्पमित्राकडे कात मागा. सपाट कागदावर पसरलेल्या कातीवर रांगा मोजता येतात.

पडद्यामागे, गिरगाव

बरं, मी टाइलवरचं माझं मत मागे घेत नाही, पण रेघोटीताईंनी भिंगातून पाहिलेलं वाचून मजा आली. आता शिवणाचं.

ड्राफ्टिंगच्या, म्हणजे मापं घेऊन कागदावर भाग आखायच्या, भानगडीत पडू नका. भावाला जुना बनियन आणि लेगिंग घालून उभा करा, वरून स्वयंपाकघरातली क्लिंग फिल्म गुंडाळा, तिच्यावर कागदी मास्किंग टेपचे तुकडे आडवे-उभे घट्ट लावा. फार आवळू नका, श्वास घेऊ द्या त्याला, आणि पंखा चालू ठेवा. मग मार्करने त्याच्या अंगावरच शिवणी आखा: बगल, खांदा, पाठीचा मध्य, पायाची आतली बाजू. गुडघा, कोपर, बेंबी, कमरपट्ट्याची जागा यांच्या खुणा करा. आणि तुम्ही चित्रकार आहात तर स्नायूंच्या सावल्याही तिथेच मार्करने आखून घ्या! मग बोथट टोकाच्या कात्रीने पाठीवरून कापून सोलून काढा. तुकडे आखलेल्या रेघांवर कापा, सपाट करा. जिथे सपाट होत नाही तिथे एखादी चीर द्या. हे झाले तुमचे पॅनल, सावल्यांसकट. फोटो काढून किंवा स्कॅन करून इंकस्केपमध्ये आणताना शेजारी पट्टी ठेवायला विसरू नका, नाहीतर खरं माप हरवतं.

हे भाग अंगाच्या मापाचे आहेत. लायक्रासाठी आडवे कमी करायचे ते जर्सीवाल्यांच्या हिशेबाने. पण उंचीत हात आखडता घ्या. अख्खा एकसंध सूट असेल तर खांद्यापासून दोन पायांच्या मधल्या शिवणीपर्यंतची लांबी कमी पडली की माणूस दिवसभर वाकून चालतो. रंगमंचावर अर्धा तास निभतं, तिथे दिवसभर कसं निभणार?

त्याहूनही बरं म्हणजे एकसंध करूच नका. नागराजला कमरेला सापाचा पट्टा आहेच. वरचा भाग आणि खालचा भाग वेगळे करा, जोड पट्ट्याखाली लपेल. वरचा भाग आत लांब ठेवा म्हणजे हात वर केला तरी पोट दिसणार नाही. बाथरूमला जायची सोय होते ती वेगळीच, पहिल्यांदा असले कपडे करणाऱ्यांना ही गोष्ट सुचत नाही.

शिवायला बॉल पॉइंटची सुई, ७५ किंवा ९० नंबर. साधी सुई लायक्राचा धागा तोडते आणि मग टाके सुटत जातात. सरळ टीप घालू नका, ताणली की तटकन तुटते. ओव्हरलॉक (कड गुंडाळत शिवणारी ताणखाऊ शिलाई) किंवा बारीक झिगझॅग. टेलरकाकांनी हात जोडले त्यात त्यांचा दोष नाही. ट्रॅकसूट किंवा स्विमिंगचे कपडे शिवणारा गाठा, त्याच्याकडे मशीन असतंच.

रेघोटी, संगमनेर

टेपचं प्रकरण रविवारी उरकलं. भाऊ सोलून निघाला तेव्हा आमच्या आईला हसू आवरेना. "कात टाकली रे टाकली" म्हणत होती.

सावल्या त्याच्या अंगावर मार्करने आखायची कल्पना मात्र पहिल्या नंबरची. कागदावर मी छातीखालची सावली जिथे काढली असती त्याच्या चांगली चार बोटं खाली ती खरोखर आहे. साहेबांना व्यायामाचा कंटाळा, त्यामुळे काही स्नायू मी जरा उदार मनाने काढलेत.

खवल्यांच्या ओळी तिरप्या केल्या. पाठीवर २२ मिलिमीटरचा खवला, मानेकडे उतरत ९-१०, मनगटाकडे १२. बिळाजवळ यांचं ऐकून वरच्या कडेला चंद्रकोर सोडली. खरंच, एवढ्याशा उजेडाने तो ओला दिसायला लागला.

आता अडलंय ते बगलेच्या शिवणीला. पुढ्याचे आणि पाठीचे खवले तिथे भेटले पाहिजेत. फाइलमध्ये दोन्ही पॅनलची कड अगदी तंतोतंत जुळवली आहे. हे पुरेल?

जर्सीवाला, कोल्हापूर

कडेला जुळवलंत? मग शिवल्यावर नाही जुळणार. ओव्हरलॉक प्रत्येक बाजूचं सहा-सात मिलिमीटर आत खातं. दोन्हीकडचं मिळून सव्वा सेंटिमीटर गेलं, म्हणजे तुमचा अर्ध्याहून जास्त खवला शिवणीत बेपत्ता. जुळवायचं ते शिवणीच्या रेघेवर, कापायच्या रेघेवर नाही. शिवणीची रेघ पॅनलमध्ये वेगळ्या थरावर आखा, खवले तिथं जुळवा आणि तिथून पुढे चित्र तसंच वाहू द्या, कापायच्या रेघेच्याही बाहेर दोन सेंटिमीटर. कापताना कात्री थोडी हलली तरी पांढरी कड दिसत नाही.

उभ्या शिवणीला सगळं जुळवायच्या मागं लागू नका. काखेपासून खाली मोजत ओळींची उंची दोन्ही पॅनलवर एक ठेवा, म्हणजे ओळ ओळीला भेटते. खवल्याचं टोक इकडं-तिकडं झालं तर होऊ दे. तुमची सगळ्यात गडद सावली बगलेतच आहे, तिथं काळ्यात काय दिसतंय? जिथं उजेड आहे तिथं शिवण येऊ देऊ नका, एवढं सांभाळा. कडेला दर १५ सेंमीला एक बारीक खूण छापा, शिवणारा खुणेवर खूण ठेवून टाचण्या मारेल. नाहीतर लायक्रा मशीनखाली एका बाजूला ओढली जाते आणि खाली येईपर्यंत दोन ओळींचा फरक पडतो.

बारीक रेघेचं राहिलंच होतं. अर्ध्या मिलिमीटरची रेघ कागदावर दिसते, कापडावर धूसर होते. एक मिलिमीटरच्या खाली जाऊ नका. काळ्या रेघा दीड ते दोन. काळी रेघ ताणली की करडी पडते, म्हणून मांडीवर आणि गुडघ्यावर काळ्याऐवजी काळपट हिरवा घ्या. ताण दिसणार नाही. आणि तुम्ही म्हणता तसं रेघ जाडीने कमी-जास्त करायची आयडिया एक नंबर. नुसती रंगाने फिकट करत नेली असती तर मशीनने ती कुठंतरी गिळली असती. जाडी सहसा गिळत नाही.

फाइल खऱ्या मापात, १५० डीपीआय, म्हणजे इंचाला १५० ठिपके. दीड मीटर रुंद, दोन मीटर लांब कागदाला साधारण ८,८६० बाय ११,८१० पिक्सेल होतात. तीनशे मागाल तर कॉम्प्युटर रडेल आणि कापडावर फरक काडीचा दिसणार नाही. टिफ प्रकारची फाइल द्या. जेपीजी आणून देतात लोक व्हॉट्सॲपवरून, त्यांना मी चहा पाजून परत पाठवतो. रंग आरजीबीत (स्क्रीनच्या तीन रंगांत) ठेवायचे की सीएमवायकेत (छपाईच्या चार शाईंत) ते छापणाऱ्याला विचारा, प्रत्येकाची रीत वेगळी. फक्त रंगतक्ता ज्यात केला त्यातच शेवटची फाइल.

आणि एक. छापखान्यात कापड वाचवायला पोरं पॅनल फिरवून लावतात. एक बाही सुलटी, तिच्या शेजारी दुसरी उलटी, खाचेत खाच. साध्या जर्सीला काही होत नाही. तुमच्याकडं एका हाताचे खवले मनगटाकडे आणि दुसऱ्याचे खांद्याकडे होतील, मग सावंतवाडीवाले झोपायचे नाहीत. मांडणी तुम्हीच करून द्या, सगळे भाग एकाच दिशेनं, आणि प्रत्येक पॅनलच्या बाहेर मोठा बाण नि नाव: डावी बाही, वर इकडं. कापड थोडं जास्त जाईल, जाऊ दे.

सगळं एकदम छापू नका. आधी फक्त डावी बाही. शिवून घ्या, भावाला घाला, कोपर पूर्ण वाकवायला सांगा, उन्हात उभा करून मोबाइलने फोटो काढा. कोपरावर पिवळं किती दिसतंय आणि दंडावरचा खवला तुम्ही ठरवलेल्या मापाचाच भरतोय का ते मोजा. आकडे इथं टाका, मग पाठीचं बघू.